जेलमधली खुर्ची आणि स्किन कलरची भिंत

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक खुर्ची आली. वेताची, मोराने पिसारा फुलवावा तशी मागे गोल पसरलेली पाठ. नव्या फ्लॅटचं इंटिरियर चालू आहे (म्हणजे गेले पाच महिने चालूच आहे) आणि बायकोच्या मते हॉलच्या त्या कोपऱ्यात 'काहीतरी स्टेटमेंट' हवं होतं. किंमत ऐकून मीही एक स्टेटमेंट केलं, पण ते कोणी ऐकलं नाही. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉलला मी त्याच कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलो. आमच्या टीममध्ये मनिलाची एक जण आहे, टेस्टिंग बघते. गेली चार वर्षं आम्ही जवळजवळ रोज बोलतो. माझा कॅमेरा चालू झाला आणि ती बिल्डचं स्टेटस सांगता सांगता थांबली. म्हणाली, "तुझ्या मागे ती जेलमधली खुर्ची आहे ना?"

मला वाटलं विनोद आहे. नव्हता.

मनिला शहरात बिलिबिद नावाचा तुरुंग होता. स्पॅनिश राजवटीत, १८६५ मध्ये बांधलेला. १८९८ च्या तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन अख्खा फिलिपाईन्स अमेरिकेच्या हवाली केला. नव्या मालकांनी या तुरुंगाचा चक्क कारखाना केला. कैदी वेताचं फर्निचर विणायचे आणि ते तुरुंगाच्याच दुकानात विकायला असायचं. बोटीने आलेले अमेरिकन प्रवासी तुरुंग 'बघायला' जायचे आणि येताना खुर्ची घेऊन यायचे. आपण महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीचा जाम आणतो तसं. पिसाऱ्याची ही खुर्ची तिथून अमेरिकेत पोचली, फोटो स्टुडिओंत शिरली, नट्यांच्या मागे दिसू लागली. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पार्टीचा ह्युई न्यूटन एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात बंदूक घेऊन अशाच खुर्चीत बसला आणि तो फोटो पोस्टर होऊन भिंतीभिंतीवर लागला. आता ती पुण्यात माझ्या हॉलमध्ये आहे. विणणाऱ्यांची नावं मात्र खुर्चीबरोबर प्रवासाला निघाली नाहीत.

हे सगळं तिने मला दहा मिनिटांत सांगितलं. मी विचारलं, तुला एवढं कसं माहीत? तर म्हणाली, "मी माझ्या हॉलची एक भिंत करत होते ना, तेव्हा वाचलं." आणि तिने लॅपटॉप उचलून आपली भिंत दाखवली.

त्या भिंतीबद्दल हा लेख आहे. खुर्ची हे फक्त निमित्त.

केसोन सिटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. हॉलची एक भिंत करडी. फॅशनेबल, थोडीशी निळसर असते तशी नाही, अगदी कोरडी, फोटोग्राफर लोक कॅमेरा जुळवायला जे करडं कार्ड वापरतात तशी. त्यावर घरातले जुने फोटो, एक सिनेमाचं पोस्टर, आणि मधोमध रंगीत चौकोनांचा एक तक्ता. तिची आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, "अजून रंगाचा पहिलाच हात झालाय का?"

ही कल्पना तिने स्टेफनी सिहुको या कलावतीकडून उचलली. जन्म मनिलाचा, १९७४ चा, वाढली आणि काम करते अमेरिकेत. २०१६ मध्ये तिने एक मोठी मांडणी केली होती, नाव साधारण असं: 'तटस्थ रंगजुळणीचे अभ्यास (अलंकरण आणि गुन्हा)'. लाकडी चौथरा, मागे फोटो स्टुडिओतला करडा पडदा, खरी आणि खोटी झाडं, जुन्या बाजारातून घेतलेल्या वस्तू, लाकडावर चिकटवून कापलेले फोटो, आणि या सगळ्यावर तो करडा रंग. लांबून बघितलं तर एखाद्या फर्निचरच्या शोरूममधला सजवलेला कोपराच वाटावा. मी त्याचे फक्त फोटो पाहिलेत. पण कळल्यावर मला आमच्या इंटिरियरवाल्याचं वाक्य आठवलं. प्रत्येक खोलीला तो म्हणतो, "सर, न्यूट्रलच ठेवू."

न्यूट्रल म्हणजे काय हो? रंगजुळणीच्या तक्त्याबद्दल मला कामामुळे थोडं माहीत होतं, बाकी त्या रात्री वाचलं. १९७६ मध्ये अमेरिकेत चोवीस चौकोनांचा एक तक्ता निघाला. कॅमेरा, छपाई, स्क्रीन यांचे रंग बरोबर येतात का ते तपासायला आजही तो वापरतात. शेवटच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा छटा. आणि पहिले दोन चौकोन? पहिल्याचं नाव 'गडद त्वचा', दुसऱ्याचं 'फिकट त्वचा'. म्हणजे जगभरच्या माणसांच्या कातडीला दोन खण. मी सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. ड्रॉपडाऊनमध्ये दोनच पर्याय ठेवले की बाकीच्या लोकांचं काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे.

आणि तो कंसातला 'अलंकरण आणि गुन्हा'? हे व्हिएन्नाचा वास्तुशिल्पी अडॉल्फ लूस याच्या गाजलेल्या निबंधाचं नाव. १९१० च्या आसपासचा. त्याचं म्हणणं असं की पापुआचा आदिवासी अंगावर गोंदतो ते त्याच्यापुरतं ठीक, पण आधुनिक माणूस गोंदवून घेत असेल तर तो गुन्हेगार किंवा बिघडलेला. सुधारणा म्हणजे नक्षी कमी होत जाणं, आणि उद्याची शहरं पांढऱ्या भिंतींनी झळाळतील. आपल्या फ्लॅटच्या कोऱ्या, गुळगुळीत भिंतींमागे जी विचारपरंपरा आहे, तिच्यात हा निबंध बराच वर बसतो. आता गंमत बघा. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात विसाया बेटांवर उतरले तेव्हा तिथल्या लोकांची अंगं गोंदणाने भरलेली होती, म्हणून त्यांनी त्यांना नाव दिलं 'पिंतादोस', म्हणजे रंगवलेले. १५९० च्या सुमाराच्या बॉक्सर कोडेक्स या हस्तलिखितात त्यांची चित्रं आहेत. लूसच्या हिशेबाने गुन्हेगार ते हेच. भिंत आणि कातडी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मला याआधी कधी सुचलं नव्हतं.

पण माझ्या सहकारीचं दुखणं वेगळं आहे, आणि जास्त जवळचं. ते कलरिझमचं आहे. वर्णद्वेष म्हटला की आपण गोरा साहेब आणि काळा माणूस असं चित्र काढतो. कलरिझम घरात असतो. एकाच आईच्या दोन मुलींमध्ये उजळ कोण आणि सावळी कोण. तिला लहानपणी घरात 'नेग्रा' म्हणायचे. लाडाने. (मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे प्रत्येक खानदानात एखादी काळी असते, लाडाची.)

हे सगळं स्पेनने आणलं असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. पानाय बेटावर 'बिनुकोत' नावाची जुनी प्रथा होती. निवडक मुलींना लहानपणापासून घरात, माणसांच्या नजरेआड आणि उन्हाआड वाढवायचं. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. या मुली लांबच लांब महाकाव्यं मुखोद्गत करायच्या, त्यामुळे त्या महाकाव्यांचा बराचसा ठेवा त्यांच्याच तोंडून आपल्यापर्यंत आला. पण त्यांचा मानही होता आणि फिकट रंगही, आणि दोन्ही एकाच गोष्टीतून आले होते: उन्हात काम करावं लागत नाही. गोरी म्हणजे घरातली. सावळी म्हणजे शेतातली.

स्पॅनिश काळात या कल्पनेला घर मिळालं, अगदी शब्दशः. श्रीमंतांची 'बाहाय ना बातो', खाली दगड आणि वर लाकूड असलेली मोठी घरं. त्यांच्या वरच्या मजल्याला सरकत्या खिडक्या असतात, आणि तावदानं काचेची नसून कापीस नावाच्या शिंपल्यांची. चार बोटांचे चौकोन, अर्धपारदर्शक. ऊन बाहेरच राहतं, आत येतो तो दुधाळ उजेड. (गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्या बघितल्या असतील तर हेच आठवेल. शिंपला तोच आहे. दोनापावलाकडे एका घरात मी दुपारी चार वाजता असा उजेड पाहिलाय आणि त्यात सगळ्यांचे चेहरे बरे दिसतात हे सांगू शकतो.) त्या उजेडात बसणारी बाई वेगळी आणि खाली अंगणात भात वाळवणारी वेगळी.

सरकारी वह्यांतही रंग नोंदला जायचा. स्थानिक माणूस तो इंदिओ, चिनी बापाचं मूल ते मेस्तिसो, डोंगरातले ते नेग्रितो, आणि वर ब्लांको. कोणी किती पट्टी भरायची ते या रकान्यावर ठरायचं. ब्लांको लोकांना ती माफच होती. त्या काळच्या नोंदींत मेस्तिसो म्हणजे बहुतेक चिनी वंशाचे. आज मनिलात 'मेस्तिसा' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती युरोपियन नाकाची, गोरी नटी. शब्द तोच राहिला, आतला माणूस बदलला.

चित्रांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलं. हुआन लुना हा त्यांचा मोठा चित्रकार. १८८४ मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याच्या 'स्पोलियारियम'ला सुवर्णपदक मिळालं आणि वसाहतीतला माणूस मालकांच्या घरात जाऊन जिंकला म्हणून केवढा जल्लोष झाला. त्याच सुमारास त्याने 'एस्पान्या ई फिलिपिनास' काढलं. दोन स्त्रिया पायऱ्या चढतायत, आपल्याकडे पाठ करून. एक स्पेन, उंच, गोरी, लाल वस्त्रातली. दुसरी फिलिपाईन्स, सावळी, देशी पोशाखातली. स्पेनचा हात तिच्या कमरेभोवती, दुसऱ्या हाताने ती दूरवरचा उजेड दाखवतेय. लुना स्वतः सावळाच होता. प्रेमाने काढलंय हे चित्र, आणि तेच वाईट आहे.

मग अमेरिकन आले आणि त्यांनी याचं 'सायन्स' केलं. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात सुमारे ४७ एकरांवर फिलिपाईन्स उभा केला आणि हजाराहून जास्त जिवंत माणसं आणून ठेवली. नेग्रितो सगळ्यात खाली, मग इगोरोत, मोरो, मग ख्रिस्ती विसायन, आणि सर्वांत वर गणवेशातले फिलिपिनो स्काउट शिपाई. सुधारणेचा जिना. पण याच वरच्या पायरीवरचे शिपाई गोऱ्या शिक्षिकांबरोबर हिंडताना दिसले तेव्हा गोऱ्या सैनिकांशी हाणामाऱ्या झाल्या. जिना चढा, पण आमच्या मजल्यावर येऊ नका.

सिहुकोने या प्रदर्शनाचे फोटो सेंट लुईसच्या संग्रहांमधून शोधून काढले आणि २०१९ मध्ये एक मालिका केली. नाव, 'सूर्य झाकून टाका'. तिने फक्त एवढंच केलं: प्रत्येक जुन्या फोटोतल्या माणसांवर स्वतःचे हात ठेवले आणि तसाच पुन्हा फोटो काढला. चेहरे दिसतच नाहीत. तिचे हात दिसतात, सावळे. शंभर वर्षं ज्यांना बघितलं गेलं त्यांना कोणीतरी आडोसा दिला. मला आधुनिक कलेतलं फारसं कळत नाही, बऱ्याचदा 'हे आमच्या चिंटूनेही काढलं असतं' या पंथाचा मी माणूस. हे मात्र लगेच कळलं.

तर आता अमोर्सोलो. फर्नांदो अमोर्सोलो (१८९२ ते १९७२), त्यांचा पहिला राष्ट्रीय कलावंत. भातशेती, आंब्याची झाडं, पाठीमागून सोनेरी ऊन, आणि हसऱ्या गावरान मुली. त्याच्या चित्रांच्या नकला आणि कॅलेंडरं घराघरांत गेली, आपल्याकडे राजा रविवर्म्याची लक्ष्मी गेली तशी. आदर्श फिलिपिना कशी असावी हे त्याने सांगून ठेवलंय. चेहरा गोल हवा, नाक बसकं पण ठाशीव हवं, म्हणजे युरोपची नक्कल नको. इथवर टाळ्या. पण रंग? गोराच असला पाहिजे असं नाही, पण नेहमीच्या मलय बाईचा गडद तपकिरीही नको. लाजल्यावर गाल लाल दिसतील असा नितळ. माझी सहकारी म्हणते, "मी लहानपणी रोज त्या कॅलेंडरखाली जेवले. भर दुपारी भात लावणाऱ्या बायका, आणि एकीलाही ऊन लागलेलं नाही."

तिच्या आईच्या घरची जेवणाची खोली तिने मला एकदा दाखवली होती. भिंतीवर हातभर लांबीचा लाकडी काटा आणि चमचा (हे तिथे घरोघरी असतं म्हणे), 'लास्ट सपर', ते कॅलेंडर, आणि कोपऱ्यात देव्हारा. त्यात दोन येशू. एक सांतो निन्यो, बाळ, गोरा गोरा, मखमली झग्यातला. दुसरा क्यापोचा काळा नाझारेनो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मेक्सिकोहून आलेली मूर्ती, काळी कुळकुळीत, आणि दरवर्षी ९ जानेवारीला तिच्या मिरवणुकीत लाखो लोक नुसता दोराला हात लागावा म्हणून जीव धोक्यात घालतात. त्याच देशात त्वचा उजळ करणाऱ्या साबणांनी दुकानांची अख्खी फळी भरलेली असते. विठ्ठलाला सावळा म्हणून कवटाळणाऱ्या आपण यावर हसू नये. १९७५ पासून आपण जी क्रीम चोपडत होतो, तिच्या नावातून 'फेअर' जायला २०२० उजाडलं. ट्यूब अजून मिळतेच.

तर ती करडी भिंत. तिने आधी पोस्टर लावलं, 'हिमाला' (१९८२) सिनेमाचं, नोरा आउनोरचं. गोऱ्या मेस्तिसा नट्यांच्या काळात ही बुटकी, सावळी मुलगी, लहानपणी स्टेशनवर पाणी विकलेली, सुपरस्टार झाली. २०२५ मध्ये ती गेली तेव्हा आमच्या मॅडमने सुट्टी टाकली होती. पोस्टरनंतर रंगाचा तक्ता. आणि तक्त्याखाली आजीच्या लग्नाचा फोटो.

खरी अडचण इथे आली. फोटो हाताने रंगवलेला आहे. त्या काळी स्टुडिओवाले ब्लॅक अँड व्हाईट फोटोवर रंग चढवायचे, आणि चढवताना नवरीला दोन-तीन छटा उजळ करायचे. मागायचीही गरज नसे, पॅकेजमध्येच असायचं ते. आजीचे नंतरचे फोटोही सगळे असेच, पावडर लावलेले, किंवा फ्लॅशने पांढरे पडलेले. तिने ते स्कॅन केले आणि तक्त्याशी जुळवून खरा रंग काढायचा प्रयत्न केला. दोन शनिवार-रविवार घालवले. मलाही एक फाईल पाठवली होती. पण रंगजुळणी करायला मुळात काहीतरी संदर्भ लागतो. त्या फोटोत एकही गोष्ट अशी नाही जिचा खरा रंग आज माहीत आहे. फुलं रंगवलेली, झगा रंगवलेला, मागचा पडदासुद्धा रंगवलेला. आजीचा रंग कुठेच नाही. डेटा गेला म्हणतात तसा गेला.

मग आईला विचारलं, तुझ्या आईचा रंग कसा होता गं? आई चिडली. मेलेल्या माणसाचं हे काय काढलंस म्हणे. त्यावरून दोघींचं चांगलं वाजलं, महिनाभर फोन नाही. "तू मला नेग्रा का म्हणायचीस" इथपर्यंत गेलं, आणि एकदा तिथपर्यंत गेलं की परत यायला वेळ लागतो. मिटवलं शेवटी तिच्या मावशीने. ती एका रविवारी फ्लॅटवर आली, भिंतीसमोर उभी राहिली, भाचीचं मनगट धरून फोटोशेजारी भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "हा. हाच."

आता तिथे, आजीच्या फोटोशेजारी, तिच्या स्वतःच्या हाताचा फोटो आहे. सिहुकोने हात फोटोवर ठेवले होते, हिने शेजारी ठेवलाय. आई येते हल्ली. भिंतीकडे पाठ करून बसते, पण येते.

आमच्याकडे अजून रंगाचं ठरत नाहीये. परवा पेंटर शेड कार्ड घेऊन आला. माझी मुलगी सहा वर्षांची, रंगावर जरा आमच्या आईवर गेलीय, आणि आईच तिला दुधावरची साय लाव म्हणून मागे लागलेली असते. मुलगी कार्ड घेऊन बसली आणि एकेक पट्टी हाताला लावून बघायला लागली. क्रेयॉनच्या डबीतल्या 'स्किन'शी आपलं जमत नाही हे तिला शाळेत आधीच कळलंय. बराच वेळ शोधून तिला एक सापडली, चॉकलेटी आणि विटकरीच्या मधली. खाली नाव काहीतरी मसाल्याचं होतं. ती धावत आईकडे गेली आणि पट्टी आधी स्वतःच्या हाताला, मग आजीच्या हाताला लावून म्हणाली, "आज्जी, सेम!"

आई काही बोलली नाही. चष्मा लावून पट्टी जवळ घेऊन बघत राहिली.

पेंटरने विचारलं, "मग हॉलला स्किन कलर फायनल करू ना साहेब?"

मी म्हटलं, "दादा, नाव नको. नंबर सांगा."